पोर्ट जुनं म्हणून खेळ अडतो का?

दोस्तांनो, गेल्या रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. पानावर बसतो न बसतो तोच आठवीतला भाचा म्हणाला, "मामा, आपला मॉनिटर बदलायला हवा. आईला तूच सांग."

"का रे? बिघडला?"

"बिघडला नाही, पण त्याचं पोर्ट जुनं आहे, एचडीएमआय २.०. वर्गातली मुलं म्हणतात, २.१ नसेल तर हाय रिफ्रेशचा काही उपयोग नाही. म्हणून तर माझा खेळ अडखळतो!"

वाढता वाढता ताई थांबली. १४४ हर्ट्झचा हा मॉनिटर तिनंच गेल्या दिवाळीत घेऊन दिला होता आणि त्यासाठी स्वतःच्या शिलाई मशीनची दुरुस्ती पुढे ढकलली होती. "खरंच बदलावा लागतो का रे?" तिनं मला विचारलं.

"जेवण होऊ दे," मी म्हटलं. "मग कागद-पेन्सिल घेऊन बसू. हा वादाचा नाही, गुणाकाराचा प्रश्न आहे."

आता तुम्हीही कागद घ्या बरं. वहीच्या कोपऱ्यात पळणारा माणूस काढून पानं भरभर उलटायचा खेळ तुम्ही केलाच असेल. मॉनिटर तेच करतो. ६० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, १४४ हर्ट्झ म्हणजे १४४. पहिल्यात एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतं, दुसऱ्यात सुमारे ६.९. म्हणून धावता खेळ १४४ वर जास्त सफाईदार दिसतो.

ही सगळी चित्रं केबलमधून यायची असतात. भाच्याचा पडदा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला साधारणपणे २४ बिट लागतात. झाले ४,९७,६६,४०० बिट, आणि हे फक्त एका चित्राचे! त्याला १४४ नं गुणा. उत्तर येतं सुमारे ७१७ कोटी. शंभर कोटी बिटांना एक गिगाबिट म्हणतात, म्हणजे सेकंदाला ७.२ गिगाबिट. दोन चित्रांच्या मधली थोडी मोकळी जागा धरली की झाले साधारण ८.

आता केबलची ताकद पाहू. २०१३ साली आलेल्या एचडीएमआय २.० चा वेग कागदावर १८ गिगाबिट. पण त्यात दर दहा बिटांपैकी आठच चित्राच्या कामाचे. उरलेले दोन निरोप नीट पोचावा म्हणून खर्ची पडतात. हातात राहिले १४.४.

"सांग बघू," मी भाच्याला विचारलं, "८ लिटर पाणी न्यायचंय आणि बादली १४.४ लिटरची आहे. ४० लिटरचं पिंप आणलंस तर पाणी वाढेल का?"

"नाही," तो हळूच म्हणाला. "पण मग खेळ का अडखळतो?"

आम्ही दोघं कॉम्प्युटरपाशी गेलो. सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथं आकडा काय होता, ओळखा पाहू? ६०! मॉनिटर १४४ चा, पण दिवाळीपासून तो ६० वरच चालला होता. कुणी आकडा बदललाच नव्हता. आम्ही १४४ केला, माऊस हलवला आणि बाण लोण्यासारखा सरकला. भाच्याचे कान मात्र लाल झाले. १४४ शिवाय खेळताच येणार नाही असं सांगून त्यानं हट्ट धरला होता, आणि एवढे महिने त्याच्या लक्षातही आलं नव्हतं!

गोष्ट इथंच संपली नाही, बरं का. त्याचा सगळ्यात भारी खेळ तरीही सेकंदाला सत्तरच्या आसपासच चित्रं दाखवत होता. कारण चित्रं काढतं ग्राफिक्स कार्ड. केबल ती फक्त पोचवते. चित्रकाराचाच हात सावकाश चालत असेल तर पोस्टमन कितीही पळाला तरी काय होणार? आम्ही खेळातल्या सावल्यांचं काम थोडं कमी केलं आणि आकडा चांगलाच वर गेला. खर्च शून्य!

मग नवं पोर्ट म्हणजे नुसती जाहिरात? तसंही नाही. ४के पडद्यावर ठिपके चौपट असतात, ८२,९४,४००. त्याला २४ नं आणि २४० हर्ट्झनं गुणा. उत्तर जवळपास ४७.८ गिगाबिट! २०१६ च्या डिस्प्लेपोर्ट १.४ च्या हातात राहतात सुमारे २५.९. २०१७ च्या एचडीएमआय २.१ चा वेग ४८, पण कामाचे सुमारे ४२.७. दोन्ही तोकडे. २०२२ चं डिस्प्लेपोर्ट २.१ त्याच्या सर्वांत वेगवान प्रकारात सुमारे ७७ नेतं, त्यात हे आरामात बसतं. जुन्या पोर्टांनाही एक युक्ती येते. डीएससी नावाच्या पद्धतीनं ती चित्र दाबून लहान करून पाठवतात, आणि हा फरक डोळ्यांना सहसा कळत नाही. प्लेस्टेशन ५ सारख्या यंत्राला डिस्प्लेपोर्ट नसतंच. त्यावर ४के आणि १२० हर्ट्झ दोन्ही हवे असतील तर एचडीएमआय २.१ हवंच.

आता आईबाबांसाठी दोन गोष्टी. पहिली, खोक्यावर नुसतं '२.१' दिसलं म्हणून भुलू नका. एचडीएमआयच्या नियमांत २.१ ची बरीचशी वैशिष्ट्यं ऐच्छिक आहेत. पूर्ण ४८ गिगाबिटचा वेग नसला तरी २.१ लिहिता येतं. म्हणून दुकानात विचारा, "या पोर्टवर किती ठिपक्यांचं चित्र किती हर्ट्झनं चालतं?" दुसरी, केबलही बघा. ४८ गिगाबिटसाठी 'अल्ट्रा हाय स्पीड' असं प्रमाणपत्राचं लेबल असलेली केबल लागते. कार्ड, केबल आणि मॉनिटर या तिघांत जो सर्वांत कमजोर, त्याचाच वेग तुम्हाला मिळतो.

निघताना भाचा मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आला. म्हणाला, "मामा, मी साठवलेले पैसे आईच्या मशीनसाठी दिले तर ती घेईल का रे?"

"विचारून तर बघ," मी म्हटलं.

जाता जाता तुमच्यासाठी गृहपाठ. एक पडदा २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा आहे आणि १४४ हर्ट्झवर चालतो. त्याला सेकंदाला किती गिगाबिट लागतील? एचडीएमआय २.० ला ते झेपतील का? मोकळ्या जागेसाठी वर एक दशांश वाढवायला विसरू नका हं! आणि त्याआधी घरच्या मॉनिटरच्या सेटिंग्ज उघडून तिथला आकडाही बघून घ्या. कुणी सांगावं, नवा मॉनिटर तुमच्या घरात आधीपासूनच असेल!