ऋण, आप्त आणि राजगुह्यें

आमचे एक शेजारी परवां सायंकाळीं आले ते घुश्शांतच. त्यांचे थोरले चिरंजीव वीस वर्षांपूर्वी अमेरिकेस गेले, तेथील नागरिक झाले, आणि आतां संरक्षणखात्याचें काम करणाऱ्या एका कारखान्यांत त्यांची नेमणूक व्हावयाची आहे. तत्पूर्वी सरकारनें एक लांबलचक प्रश्नपत्रिका भरून मागितली असून तींत आईबाप, भावंडें, सासूसासरे यांचे जन्म, पत्ते, नोकऱ्या, इतकेंच नव्हे तर त्यांच्याशीं बोलणें किती वेळां होतें हेंहि विचारलें आहे. “गुरुजी, आम्ही काय हेर आहोंत?” हा त्यांचा प्रश्न. धाकटे चिरंजीव येथील सैन्यांत आहेत. तेवढें लिहूंच नये, असें त्यांच्या सौभाग्यवतींचें मत पडलें.

मीं प्रथम कौटिल्य काढला. मास्तरकीची खोड जात नाहीं. अमात्यांची परीक्षा धर्म, अर्थ, काम आणि भय या चार उपधांनीं घ्यावी, असें अर्थशास्त्र सांगतें. शिवाय शत्रूचेंहि वेतन खाणारे जे ‘उभयवेतन’ हेर, त्यांचीं बायकामुलें आधीं आपल्या ताब्यांत ठेवावीं, असाहि आचार्यांचा सल्ला आहे. आप्त ज्याच्या मुठींत त्याच्या मुठींत माणूस! अमेरिकनांस भय आहे तें याच मुठीचें.

त्यांच्या कसोट्या एकंदर १३. सध्यांचा आदेश २०१७ सालचा. परदेशीं आईबाप असणें हा दोष नव्हे. त्यांच्यावर कोणी दडपण आणल्यास मुलगा डळमळेल काय, एवढेंच पाहावयाचें. म्हणून देश कोणता, तेथें नातलग सरकारी वा सैनिकी चाकरींत आहेत काय, हें एका पारड्यांत. आणि अमेरिकेंतील घरदार, बायकामुलें, वास्तव्याचीं वर्षें दुसऱ्यांत. येथील वाड्यांतील हिस्साहि सांगावा लागतो.

कर्जाची कसोटी मात्र मला अधिक मर्मग्राही वाटते. आल्ड्रिच एम्स हा त्यांच्याच गुप्तहेरखात्यांतला अधिकारी. घटस्फोट आणि नव्या संसाराचा डामडौल यांनीं तो कर्जांत बुडाला, आणि १९८५ सालीं ५०,००० डॉलर मागत सोव्हिएट वकिलातींत शिरला. त्यानें विकलेल्या नांवांपैकीं निदान दहा माणसें प्राणांस मुकलीं. पुढें गृहस्थानें ५,४०,००० डॉलरांचें घर रोख घेतलें, तरी तो सांपडला १९९४ त! कर्ज दिसलें नाहीं तें नाहींच, पण कर्जमुक्ति तरी कोणाच्या डोळ्यांत भरावयास हवी होती. आतां अकस्मात् आलेल्या संपत्तीचाहि जाब विचारतात.

तथापि ऋणको म्हणजे अपात्र, असें नाहीं. आजारपणानें वा नोकरी सुटल्यानें झालेलें, आणि इमानानें हप्ते बांधून फेडीत असलेलें कर्ज क्षम्य ठरूं शकतें. जुगाराचें, चुकविलेल्या करांचें प्रकरण जड जातें. शंका उरलीच तर निकाल राष्ट्राच्या बाजूनें. न्यायालयांत संशयाचा फायदा आरोपीस, आणि येथें नेमकें उलट! अशी मंजुरी हा कोणाचा हक्क नव्हे, असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९८८ सालींच म्हटलें आहे. मला हें कठोर वाटतें. पण नकाराचीं कारणें लेखी मिळतात व उत्तरहि देतां येतें, एवढा दिलासा आहे.

लपवालपवी ही मात्र स्वतंत्र कसोटी, आणि जाणूनबुजून खोटें लिहिणें हा पांच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा. मींहि एका सहकाऱ्यास जामीन राहिलों होतों व तें घरांत दोन वर्षें बोललों नाहीं. पैसे गेल्याचें आमच्या मंडळींनीं केव्हांच सोसलें. तीं दोन वर्षें अद्याप निघतात. धाकट्याची नोकरी स्वच्छ लिहावयास सांगा, असें मीं शेजाऱ्यांस बजावलें.

दुसऱ्या दिवशीं सौभाग्यवती स्वतः आल्या. धाकट्याची नोकरी लिहून झाली होती. अडलें होतें तें बोलणें किती वेळां होतें, या रकान्याशीं. थोरला ‘दर रविवारीं’ असें लिहिणार होता.

“गुरुजी,” त्या म्हणाल्या, “दिवाळीपासून त्याचा फोन नाहीं. मग खरें काय लिहावें?”