ट्रेकला कुठला कुत्रा न्यावा?

गेल्या फेब्रुवारीत आम्ही सात जण आणि दोन कुत्रे माणिकगडाला निघालो. पहिला कुत्रा वर्गातल्या एका मित्राचा सायबेरियन हस्की. निळे डोळे, लाल हार्नेस, आणि किंमत आमच्या एका सेमिस्टरच्या फीएवढी! दुसरा आपला केट्या. हॉस्टेलवाल्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. गेटजवळच्या पार्किंगमध्ये झोपणारा, तांबूस रंगाचा, एक कान किंचित दुमडलेला. कुठल्या तरी सीनियरने त्याचं हे नाव ठेवलं, कारण एकदा मागे लागला की केटीसारखा सुटत नाही. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. वाशिवलीपर्यंत तो आमच्या रिक्षांमागे धावत आला.

साडेनऊच्या सुमारास झाडी संपून उघडा चढ लागला आणि हस्की खाली बसला. आधी आम्हाला वाटलं दमला असेल. मग त्याची जीभ गडद लाल झाली, तोंडातून चिकट लाळ यायला लागली, उभा राहिला तर पाय लटपटत होते. आमच्याकडचं सगळं पाणी त्याच्या पोटावर आणि पंजांवर ओतलं, सावलीत नेलं, टोपीने वारा घातला. मित्राने आळीपाळीने दोघांना बरोबर घेऊन त्याला चादरीच्या झोळीतून खाली आणलं. पनवेलच्या डॉक्टरांनी वाचवला. ते म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर सांगता आलं नसतं. आमचा गड तिथेच राहिला. केट्या सगळा वेळ झोळीच्या पुढे चालत होता, जणू त्यालाच रस्ता माहीत होता (बहुतेक होताच).

तेव्हापासून हॉस्टेलमध्ये एकच चर्चा: ट्रेकला न्यायला "बेस्ट ब्रीड" कुठलं? आमच्या मेकॅनिकलवाल्यांनी तर तक्ताच बनवला, स्टॅमिना दहापैकी, लूक्स दहापैकी. माझं मत या चर्चेबद्दलच आहे. मी कॉन्व्हेंटची, माझ्या मराठीला हसू नका. शुद्धलेखन मैत्रिणीने तपासलंय.

थर्मोडायनॅमिक्स शिकून आपण एवढी साधी गोष्ट विसरतो की कुत्रासुद्धा एक हीट इंजिन आहे. माणसाला सगळ्या अंगावर घाम येतो. कुत्र्याला तो फक्त पंजांच्या गादीला येतो, तोही नावापुरता. उष्णता बाहेर टाकायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणं: तोंडातला ओलावा उडतो, रक्त थंड होतं. पण हवाच दमट असेल तर ओलावा उडणार कसा? आणि आपली रसायनी म्हणजे पाताळगंगेच्या काठची, पावसाळ्यात भिंतीला बुरशी येणारी जागा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ४१ च्या पुढे गेलं की अवयव निकामी व्हायला सुरुवात होते. म्हणजे मार्जिन दोन अंशांचं!

हस्कीला निसर्गाने दुहेरी कोट दिलाय, तो बर्फासाठी. १९२५ साली अलास्कात नोम गावी घटसर्पावरचं अँटिटॉक्सिन पोचवायला कुत्र्यांच्या स्लेज धावल्या, ती थंडी उणे अंशांतली होती. त्या कुत्र्याला फेब्रुवारीच्या उन्हात माणिकगडावर चढवणं म्हणजे थर्मास गॅसवर ठेवून आतला चहा गार का होत नाही म्हणून विचारणं. चूक हस्कीची नाही. आमच्या मित्राचीही पूर्ण नाही, त्याला विकणाऱ्याने "एकदम ॲक्टिव्ह ब्रीड आहे" एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, फक्त कुठल्या हवेत ते सांगायचं राहिलं.

बाकीची नावं झटपट घेते. पग २००३ च्या हचच्या जाहिरातीनंतर घराघरांत आला, पण चपट्या नाकामुळे त्याला नीट धापाच टाकता येत नाहीत. त्याला गड दाखवायचा तर फोटोत दाखवा. लॅब्रेडोर गुणी, पाण्याचा वेडा, पण वजन वाढलं की संपलं, शिवाय त्याला आणि जर्मन शेफर्डला खुब्याच्या सांध्याचा आजार पिढीजात येऊ शकतो. आणि कुठलंही पिल्लू असो, वर्ष-सव्वा वर्षाचं होईपर्यंत त्याची हाडं वाढत असतात, तोवर मोठे चढ-उतार आणि उड्या नकोत.

"मग देशी घ्या, कारवान घ्या," असं तक्त्यावाल्यांपैकी एकाने सुचवलं. सल्ला चांगला आहे. कारवान, ज्याला मुधोळ हाउंड म्हणतात, तो आपल्याच दख्खनचा. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यात मुधोळ हाउंड होता, पुढे लष्करानेही त्याला घेऊन पाहिलं. माझ्या आतेभावाकडे जतला एक आहे. उन्हाचं त्याला काही वाटत नाही. पण तो नजरेने शिकार करणारा कुत्रा, जे पळेल त्याच्यामागे तो सुटतो. वाटेतल्या वाडीवरची कोंबडी पळाली तर तुम्ही हाका मारत बसाल, आणि भरपाईही द्याल. शिवाय त्याला रोज मोकळं रान लागतं. ते हॉस्टेलच्या खोलीत कुठून आणणार? डोंबिवलीच्या वन बीएचकेत तर नाहीच.

राहिला गावठी. आखूड केस, सडपातळ अंग, उभे कान, लांब पाय. या हवेसाठी स्पेसिफिकेशन लिहायला सांगितलं असतं तर आपण हेच लिहिलं असतं. त्याची पैदास कोणी ठरवून केली नाही, जे या उन्हापावसात टिकले त्यांचीच पिल्लं झाली. युधिष्ठिरामागे हिमालयात शेवटपर्यंत गेलेल्या कुत्र्याचं ब्रीड महाभारतात दिलेलं नाही, पण माझा अंदाज पक्का आहे.

इथपर्यंत वाचून बरेच जण टाळ्या वाजवतील, कारण केट्या सगळ्यांना आवडतो. मलाही आधी लेख इथेच संपवायचा होता. पण मेसच्या मावशींशी बोलले आणि पंचाईत झाली. त्या म्हणाल्या, "तुमचं काय बाय, चार वर्सं लाड करता नि जाता निघून. सुट्टीत त्याला कोन घालतो खायला? भुकेला असला की मग आमच्या पोरांच्या अंगावर जातो." मला उत्तर सुचलं नाही. दिवाळीत हॉस्टेल रिकामं होतं तेव्हा केट्या काय खातो, हे मला तीन वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. रात्रपाळीच्या वॉचमन काकांना गेल्या वर्षी गेटवरचाच दुसरा एक कुत्रा चावला. साबणाने पंधरा मिनिटं जखम धुणं, मग इंजेक्शनांचे हेलपाटे, हे सगळं त्यांनी केलं, आम्ही सबमिशनमध्ये होतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून त्यांच्या भीतीला "डॉग हेटर" म्हणणं मला आता जमत नाही.

गडावर नेण्याचंही तसंच. आपण बिस्किटं टाकतो, वाडीतला कुत्रा दिवसभर आपल्यामागे येतो, दुसऱ्या वाडीची कुत्री त्याला फाडतात, आणि आपण गाडीत बसून निघतो. कर्नाळ्यासारख्या अभयारण्यात तर कुत्रा नेऊच नये, तिथे जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात. मुक्कामाला नेलात तर रात्री तंबूत घ्या: अकोले भागातल्या एका अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला होता. परत आल्यावर कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा. पावसाळ्यात भातखाचरातलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टो होतो, त्याची लस मिळते. हे सगळं करायला कोणीतरी एक माणूस लागतो. "हॉस्टेलचा कुत्रा" म्हणजे लाड सगळ्यांचे आणि गोचीड कोणाचीच नाही.

आता यात घाई का, ते सांगते. ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था, हॉस्पिटलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशनं इथली भटकी कुत्री हलवा, नसबंदी-लसीकरण करून निवाऱ्यात ठेवा आणि पुन्हा त्याच जागी सोडू नका, असा आदेश दिला. आपल्याकडेही त्यावर ऑफिसात बैठक झाली. हॉस्टेलच्या ग्रुपवर लगेच "सेव्ह केट्या" सुरू झालं, दोन दिवसांत सगळ्यांचे डीपी बदलले. पण २२ ऑगस्टच्या आदेशात न्यायालयाने दत्तक घ्यायची वाटही ठेवली होती, अर्ज करून, आणि अट अशी की कुत्रा परत रस्त्यावर येता कामा नये. ग्रुपवर मी विचारलं, अर्जावर सही कोण करणार? ब्ल्यू टिक बऱ्याच आल्या.

बरोबरच आहे म्हणा. गावठी कुत्रा चांगला सांभाळला तर बारा-चौदा वर्षं जगतो. केट्या असेल चारेक वर्षांचा. म्हणजे सही करणाऱ्याने पुढची दहा वर्षं, नोकरी, बदली, लग्न, सगळ्यात त्याला धरून चालायचं. बेस्ट ब्रीड शोधणाऱ्यांच्या तक्त्यात हा रकानाच नव्हता, आणि मला वाटतं पहिला रकाना हाच हवा. तो भरता येत नसेल तर कुठलाच कुत्रा घेऊ नका, ट्रेकला मित्र न्या. आमच्या हस्कीवाल्या मित्राने निदान हे केलं. तो आता एसीत झोपणाऱ्या कुत्र्याला पहाटे पाचला फिरवतो आणि ट्रेक सोडून बसलाय.

अर्ज मी लिहून ठेवलाय, रेक्टर मॅडमनी वाचून दोन चुका काढल्या. आई अजून हो म्हणालेली नाही. "आधी डॉक्टरला दाखव, मग बघू" एवढंच म्हणाली, ते आमच्याकडे पाऊण होकार समजतात. शनिवारी सकाळी रेबीजची लस आणि नसबंदीची तारीख घ्यायला पनवेलला जायचंय. रिक्षात त्याला धरायला एक जण हवाय, आणि लशीच्या खर्चात वाटा द्यायचा असेल तर पहिल्या मजल्यावर, पाण्याच्या कूलरसमोरच्या खोलीत या. बिस्किटं आणू नका, त्याचं वजन वाढलंय.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल