पुठ्ठ्यावरचा डाग

मागचा विकांत वर्ध्याला, घरी, गाडीखाली बसून गेला. गाडी म्हणजे बाबांची शंभर सीसीची फोर-स्ट्रोक मोटरसायकल, २००४ सालची. ओसरीच्या फरशीवर तिच्याखाली रोज रुपयाएवढा काळा डाग पडायचा. गॅरेजवाल्यानं (नाव नको) वाकूनही न बघता सांगितलं, "इंजन खोला लागते." खर्च चार हजार. बाबांनी हिशोब केला आणि थेट भंगारवाल्याशी बोलणी सुरू केली. मग पवनारच्या पुढं वावरात जाणार कसे? तर म्हणे, "एस्टीनं जाईन ना बाप्पा." मे महिना, ४५ अंश, वय ७२, आणि फाट्यापासून दोन किलोमीटर पायी!

माझं मत आधीच सांगून टाकतो. तेल कुठून गळतंय हे कळल्याशिवाय कुणालाही इंजिन उघडू देऊ नका, आणि ते शोधायला गॅरेज लागत नाही.

आमच्या धंद्यात प्रोग्राम कोसळतो एका ओळीवर, चूक असते भलतीकडेच. तेलाचं तसंच. थेंब पडतो ड्रेन बोल्टवरून, कारण तो सगळ्यात खाली. म्हणून जो तो उठून तोच बोल्ट आवळतो. आता बोल्ट लोखंडी आणि इंजिनचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं. जोर केला की आटे जातात, आणि मग खरंच चार हजारांचं काम निघतं. (हा पराक्रम मी एकदा केलाय. तपशील विचारू नका.)

तर शनिवारी सकाळी थंड इंजिन धुऊन काढलं. रॉकेल हल्ली मिळतं कुठे, म्हणून डिझेल आणि जुना टूथब्रश. मग साबणाचं पाणी, कोरडं फडकं, आणि वरून आईची टाल्कम पावडर. बाबा खुर्ची टाकून बघत होते. "इंजनले पावडर लावून राहिला? पाहुणे येऊन राहिले का?" गाडी जागेवर दहा मिनिटं चालू ठेवली. पांढऱ्या पावडरीत एक काळी रेघ उमटली. सुरुवात हेडवरच्या टॅपेटच्या झाकणापाशी. तिथून ती आडव्या सिलिंडरच्या पोटाखालून सरकत ड्रेन बोल्टापर्यंत आली होती.

झाकण उघडलं (चमचाभर तेल सांडतं, खाली पुठ्ठा हवा) आणि आतली ओ-रिंग हातात आली ती दोन तुकडे होऊन. रबराची ही कडी दाबली गेली तरी उलट ढकलते, म्हणून तेल अडतं. वर्षानुवर्षं इंजिनचा ताव खाऊन ती टणक झाली की तिचा जोर संपतो. इतकंच. तुकडे दुकानात दाखवून त्याच मापाची नवी आणली, २० रुपये. बसवण्याआधी खाच पुसायची, कडीला नवं तेल चोपडायचं, झाकण हातानंच फिरवायचं आणि शेवटी पान्यानं जरासं. वरून सिलिकॉन थापू नये. त्याचे तुकडे आत गेले तर तेलाच्या वाटा बुजतात. नंतर गाडी मेन स्टँडवर घेऊन डिपस्टिक बघितली, थोडं तेल घातलं.

सगळ्याच गळत्या अशा नसतात. मागच्या चाकाला तेल लागत असेल किंवा आठवड्यात पातळी उतरत असेल तर मुकाट्यानं मेकॅनिककडे जावं. पण काय विचारायचं ते ठरवून जावं.

एक गोष्ट मात्र टोचली. १९३७ साली याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवण्याची नयी तालीमची कल्पना तिथं मांडली गेली. त्याच गावात मी शाळा शिकलो, पुढं इंजिनिअर झालो, आणि पाना धड धरायला शिकलो तो चाळिशीत. ते पण यूट्यूबवर!

असो. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेवला. रविवारी उठून बघतो तर बाबा माझ्याआधी उठलेले, पुठ्ठा दोन्ही बाजूंनी उलटून बघत होते. कोरडा. "भंगारवाल्याले फोन करून दे, येऊ नको म्हना," म्हणाले, आणि डोक्याला दुपट्टा बांधून वावरात गेले.