रुक्मिणीचा बेत

लढाईचा बेत म्हटला की नकाशे, दुर्बिणी आणि मिशाळ सेनापती डोळ्यांपुढे येतात. मला मात्र कौंडण्यपूरची रुक्मिणी आठवते. अमरावती जिल्ह्यातले, वर्धेकाठचे हे गाव भीष्मकाची राजधानी मानले जाते. आषाढीला रुक्मिणीची पालखी येथूनच पंढरीला निघते.

भागवतातली ही कथा आपण कीर्तनात प्रेमकथा म्हणून ऐकतो. एकदा लढाईची कथा म्हणून वाचून पाहा. ब्राह्मणाहाती निरोप धाडताना रुक्मिणी ‘मला घेऊन जा’ एवढ्यावर थांबली नाही. अंतःपुरात शिरलास तर माझ्या आप्तांचे रक्त सांडेल, ही अडचण तिनेच काढली आणि तोडही तिनेच सुचवली : लग्नाच्या आदल्या दिवशी मी गावाबाहेर देवीला जाईन, तेथे ये. गुपचूप ये, पण सैन्य असू दे. कृष्ण घाईने एकटाच निघाला. ते कळताच बलराम फौज घेऊन मागोमाग आला.

शिशुपालाचे सोबतीही गाफील नव्हते. कृष्ण येईल हे धरूनच जरासंधादी राजे सैन्यानिशी आले होते. देवीच्या वाटेवर पहारा होता. पण रुक्मिणी देवळाबाहेर आली आणि वीर पाहतच राहिले; हातची शस्त्रे गळाली. आपलीच नजर ढळेल, हे कोणी धरलेच नव्हते! मग पाठलाग झाला, तेव्हा यादवांची फौज आडवी उभी होती.

ही झाली पुराणातली गोष्ट. याच जिल्ह्यात, चिखलदऱ्याजवळ, इतिहासातलीही एक आहे. नागपूरकर भोसल्यांच्या गाविलगडावर १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज चालून गेले. तोफांनी पाडलेल्या बाहेरच्या तटातून आत शिरले, तो पुढे आतल्या किल्ल्याचा तट शाबूत! वाट अरुंद, दरवाजा बंद. हल्ला तेथेच अडायचा. पण कॅम्बेल नावाच्या कप्तानाच्या तुकडीने तटाला शिड्या लावल्या आणि आत उतरून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावच्या तहात भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. रुक्मिणीचे कौंडण्यपूरही त्यातच गेले.

एवढा मुलूख गेला, आणि अडलेली वाट मोकळी केली चार शिड्यांनी!

घरोघरी लग्नाच्या बैठकीत एखादी आजी ‘आणि पाऊस आला तर?’ म्हणून विचारतेच. ‘शुभ बोला हो, आजी’ म्हणून तिला गप्प बसवू नये. माझ्या मते सेनापतीशेजारची जागा तिचीच आहे.