बाजार मुक्त, की मालकाचा?

भांडवलशाही म्हणजेच मुक्त बाजार, हे आपण कॉलेजपासून ऐकत आलोय. मी मोबाइल ॲप बनवतो आणि मला हे पटत नाही.

आठवडी बाजारात जागेची पावती फाडली की भाजीवाला मोकळा. भाव त्याचा, गल्लाही त्याचा. आता गूगलचं प्ले स्टोअर बघा. ॲपमधल्या डिजिटल विक्रीवर 30 टक्क्यांपर्यंत कमिशन, वर 2022 मध्ये पैसे त्यांच्याच बिलिंगमधून घेण्याची सक्तीही होती. त्यांच्या स्वतःच्या यूट्यूबला मात्र ही सक्ती नव्हती, असं भारतीय स्पर्धा आयोगाने नोंदवलं आणि ऑक्टोबर 2022 मध्ये 936.44 कोटींचा दंड ठोठावला. (2025 मध्ये अपिलात तो 216.69 कोटींवर आला!)

‘मग दुसरं स्टोअर वापरा’ म्हणणारे भेटतातच. अरे, फोन खोक्यातून निघतो तोच प्ले स्टोअर घेऊन. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल कशाला?

गूगलने बाजार उभारला, त्याचं भाडं जरूर घ्यावं. पण जागेचा मालक तोच, नियम करणारा तोच आणि शेजारचा दुकानदारही तोच, ही भांडवलाची मक्तेदारी झाली. तिला लगाम मागणाऱ्यालाच बाजारविरोधी म्हणतात, याचा मला राग येतो.