विश्लेषण : गोळी चुकते, हिशेब चुकतो... एचआयव्हीबाधितांचा ‘विसर’ कसा मोजायचा?

देशात एचआयव्हीवरील मोफत एआरटी उपचार 1 एप्रिल 2004 पासून सुरू झाले. नियमित गोळ्या घेणारे बाधित आता दीर्घ आयुष्य जगतात. मात्र त्यांपैकी काहींना विसर पडतो, लक्ष लागत नाही, कामाचा वेग मंदावतो. हा त्रास किती गंभीर आहे, हे त्यांच्या रोजच्या व्यवहारातून कळते. तो व्यवहार गडमुडशिंगीचा असेल, तर प्रश्नही तिथलेच हवेत.

मेंदूवर परिणाम का होतो?

संसर्गानंतर विषाणू लवकरच मेंदूपर्यंत पोहोचतो आणि तिथे दीर्घकाळ दाह राहू शकतो. औषधांमुळे तीव्र स्मृतिभ्रंश खूप कमी झाला, पण सौम्य तक्रारी उरल्या. पुण्यात आजार बळावलेल्या रुग्णांच्या अभ्यासात, उपचार सुरू केल्यानंतर वर्षभराने आकलनक्षमतेत सुधारणा दिसली. हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला.

रोजच्या कामांना इतके महत्त्व का?

2007 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत या त्रासाचे तीन टप्पे आहेत. चाचणीत गुण कमी, पण रोजची कामे सुरळीत, हा पहिला. कामांत अडथळा येऊ लागला, की दुसरा. व्यक्ती मोठ्या प्रमाणात इतरांवर अवलंबून राहू लागली, की तिसरा, म्हणजे स्मृतिभ्रंश. अर्थात, पहिल्या दोन टप्प्यांतील सीमारेषा रोजची कामेच ठरवतात. केवळ गुणांवर विसंबल्यास धडधाकट माणसावरही आजाराचा शिक्का बसू शकतो, असा आक्षेप तज्ज्ञांनी 2023 मध्ये नोंदवला.

प्रश्नावली कुठे कमी पडते?

अमेरिकेत 1969 मध्ये तयार झालेली लॉटन-ब्रॉडी प्रश्नावली आजही वापरात आहे. फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे आणि पैसे अशी आठ कामे त्यात आहेत. पण ज्या पुरुषाने कधी चूल पेटवली नाही, त्याला स्वयंपाक ‘जमत नाही’ म्हणायचे का? ज्या बाईच्या हाती बँकेचे पासबुक कधी आलेच नाही, तिचे काय? न करणे आणि न जमणे यांत फरक आहे.

गडमुडशिंगीत काय विचारावे?

करवीर तालुक्यातील हे गाव कोल्हापूर विमानतळ आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीच्या जवळ आहे. शेती, जनावरे आणि कारखान्यातील पाळी यांभोवती फिरणाऱ्या दिवसाला साजेसे प्रश्न असे असू शकतात : दहा दिवसांच्या दूध बिलाचा हिशेब पूर्वीसारखा लागतो का? उसाला पाणी देण्याची पाळी विसरते का? बचत गटाचा हप्ता राहतो का? यंत्रावर आधी न होणाऱ्या चुका होतात का? तुलना शेजाऱ्याशी नव्हे, त्याच माणसाच्या दोन वर्षांपूर्वीच्या कामाशी हवी. नैराश्य, दारू, थायरॉईड आणि बी-12 ची कमतरता यांनीही विसर पडतो. तेही आधी तपासावे लागते.

घरच्यांना विचारावे का?

माणसाला स्वतःचा विसर अनेकदा जाणवत नाही, म्हणून घरच्यांची माहिती मोलाची ठरते. पण घरात आजार ठाऊक नसेल, तर एका प्रश्नाने गुपित फुटते. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार लेखी संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही. गावात हे भान दुप्पट हवे.

आता काय व्हावे?

एआरटी केंद्रात उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात. त्या जास्त निघाल्या, की रुग्ण बेफिकीर ठरतो. ती बेफिकिरी नसून आजाराचेच लक्षण असू शकते. अशा रुग्णाला रागावून हाती काही लागत नाही. डबीवर वार लिहिणे, मोबाइलचा गजर लावणे आणि गरजेनुसार तज्ज्ञांकडे पाठवणे, हा त्यावरचा मार्ग आहे. चार-पाच साध्या मराठी प्रश्नांना फार खर्च लागत नाही. सीपीआरसारख्या रुग्णालयांतील एआरटी केंद्रांत ते नियमित विचारले जावेत. शंका असल्यास 1097 या मोफत क्रमांकावर विचारता येते.