एक गिऱ्हाईक, दोन खाती

वही जाऊन संगणक आला की हिशेब आपोआप चोख होतो, असा समज आपल्या व्यापारी बांधवांत रूढ होत आहे. तो घातक आहे. मोहम्मद, मोहंमद, महंमद आणि मो. ही आपल्या लेखी एकाच नावाची रूपे. संगणकाच्या लेखी ती चार वेगळी नावे. मग उधारी एका खात्यावर चढते, वसुली दुसऱ्यात जमा होते आणि पैसे चुकते केलेल्या माणसाच्या दारात आपण तगाद्याला जातो.

संगणकातील तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. ती ज्या सिद्धांतावर उभी आहे, त्या ई. एफ. कॉड यांच्या १९७० सालच्या मांडणीत तंतोतंत सारख्या दोन ओळींना जागा नव्हती. एसक्यूएलने मात्र ती मुभा ठेवली. म्हणून बंदोबस्त आपणच करावयास हवा.

दुबार नोंदी शोधणे सोपे आहे. 'ग्रुप बाय'ने मोबाइल क्रमांकानुसार गट पाडायचे आणि 'हॅविंग काउंट'ने एकाहून अधिक नोंदी असलेले गट तेवढे मागवायचे. अवघड आहे ते पुढचे. सॉफ्टवेअरवाला म्हणेल, "एका आज्ञेत जादा नोंदी पुसून टाकतो." त्याला तिथेच थांबवा. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमाग व्यवसायात एकाच नावाचे अनेक अन्सारी असतात. बाप-लेकांचा मोबाइलही एकच असू शकतो. खाती एका माणसाची की दोघांची, हे मालकाने विचारपूस करूनच ठरवावे.

एकाच माणसाची ठरली, तर आधी सर्व माहितीची प्रत काढावी. मग दुबार खात्यावरील उधार-जमा मूळ खात्याकडे वळवावी, एकूण बेरीज पूर्वीइतकीच आहे हे ताडून पाहावे आणि नंतरच रिकामे खाते पुसावे. यापुढे प्रत्येक गिऱ्हाइकास क्रमांक द्यावा आणि त्या रकान्यावर 'युनिक' अट घालावी, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यास जाणार नाही. नवे खाते उघडण्यापूर्वी मोबाइल व पत्ता शोधून पाहण्याची शिस्तही लावावी, कारण क्रमांक नवा पडला तर ही अट दुबार माणसाला अडवत नाही.

सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लहान असो की मोठा, लिहून ठेवण्याची ताकीद आहे. लिहिण्याचे काम संगणकावर सोपविता येईल. जबाब मात्र आपल्यालाच द्यावा लागेल.